किल्ली तुमच्याजवळ

पहिल्या भेटीत तिला त्याचे फक्त बूट दिसले.

नव्या नोकरीवर रुजू व्हायला ती स्कूटरवरून निघाली होती. आभाळ भरून आलेलं, वारा सुटलेला, आणि रस्त्याच्या मधोमध एक हिरवीगार फांदी आडवी पडलेली. पहिल्याच दिवशी उशीर नको म्हणून ती उतरली आणि फांदी ओढू लागली, तेवढ्यात वरून आवाज आला.

"ओ मॅडम! मागे सरका. अजून एक येतेय."

तिने मान वर केली. विजेच्या खांबाच्या टोकाशी कमरेला पट्टा बांधून कुणीतरी उभं होतं. चेहरा पानांत गेलेला, दिसत होते ते चिखलाने माखलेले दोन बूट.

"कोण येतेय?"

"हिची बहीण," वरून उत्तर आलं, आणि दुसरी फांदी तिच्या पुढ्यात धप्पकन पडली. तिच्या नव्याकोऱ्या ओढणीवर पाणी उडालं.

"आधी सांगता येत नाही?"

"आधीच तर सांगितलं. तुम्हीच नातीगोती विचारत बसलात."

"वर बसून शहाणपणा शिकवणं सोपं असतं!"

"मग या ना वर. जागा करून देतो."

तिने तोंड फिरवलं. स्कूटर कडेकडेने काढली, चार शिव्या मनातल्या मनात दिल्या आणि पुढे गेल्यावर... हसली. हसल्याबद्दल स्वतःवर थोडी चिडलीही.

सबस्टेशन गावाबाहेर होतं. तारेचं कुंपण, आत गुणगुणणारे ट्रान्सफॉर्मर, खडी पसरलेलं आवार, आणि एका बाजूला कंट्रोल रूम. एक टेबल, एक फोन, भिंतभर डायल आणि दिवे. इथून निघणाऱ्या लाइनी आसपासच्या साऱ्या वाड्यावस्त्यांना वीज पुरवायच्या. या खोलीत जो कुणी ड्युटीवर असेल त्याला बाहेरची माणसं नावाने हाक मारत नसत, तो "कंट्रोल". आजपासून ती कंट्रोल.

तिच्या आधीच्या ड्युटीचे काका निवृत्तीला आलेले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि तिच्या तळहातावर एक पितळी किल्ली ठेवली.

"ही सांभाळ. हिच्यावर एक माणूस लटकलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे वाड्यांची लाईन आपण बंद केलीय आणि स्विचला कुलूप लावलंय. आपला एक वायरमन झाड छाटायला वर चढलाय. खार म्हणतात त्याला सगळे, चढतोच तसा. तो जोवर स्वतः खाली उतरून, स्वतःच्या तोंडाने 'झालं, चालू करा' म्हणत नाही, तोवर ही किल्ली कुणाला द्यायची नाही. साहेब आले तरी नाही, मी मागितली तरी नाही. ज्याने वर चढायचं परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. बाकी इथलं सगळं हळूहळू शिकशील, हे मात्र आजच शीक."

तिने किल्ली मुठीत घट्ट धरली. काही वेळाने फोन वाजला.

"कंट्रोल? परमिट परत करतोय. माणसं खाली, हत्यारं खाली, अर्थिंग काढलं. लाईन चालू करायला हरकत नाही."

आवाज तिने क्षणात ओळखला.

"एक हरकत आहे," ती म्हणाली. "हिची बहीण रस्त्यातून काढली का?"

पलीकडे हातातून काहीतरी खाली पडलं. मग हलकेच, "अरे देवा... तुम्हीच होय त्या!"

इथून सुरुवात झाली.

नियम असा होता की परमिट देताना कंट्रोलने बोलायचं आणि वायरमनने ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं. ऐकण्यात चूक झाली तर जिवाशी गाठ. ती म्हणायची, "लाईन बंद केली. अर्थिंग केलं. कुलूप लावलं. किल्ली माझ्याजवळ." तो म्हणायचा, "लाईन बंद. अर्थिंग केलं. कुलूप लावलं. किल्ली तुमच्याजवळ." शब्द नियमातलेच होते, पण ते शेवटचं "तुमच्याजवळ" तो असं काही म्हणायचा की फोन ठेवल्यावरही ती रिसीव्हरवरचा हात उचलायची नाही.

परमिट चालू असेपर्यंत इकडचं तिकडचं बोलायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम. पण परत करून झालं, लाईन चालू झाली, की मग...

"आज आवाज बसलाय तुमचा."

"पावसात भिजले."

"छत्री नाही?"

"आहे. घरी."

"घरी पाऊस पडतो वाटतं?"

असं काहीबाही. एकदा तो तारा जमिनीला जोडायचा अर्थिंगचा दांडा बदलून न्यायला आला आणि बुटांच्या वरचा माणूसही तिला दिसला. सावळा, काटकुळा, कानावर पानाचा तुकडा अडकलेला. तिने खुणेने सांगितलं, त्याने भलताच कान चाचपला. मग तिनेच हात पुढे करून ते पान काढलं. काका कोपऱ्यात बसून उगाचच मोठ्याने खोकले.

सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग मध्ये ती पिल्लंवाली आली.

वाड्यांच्या लाईनवर, अगदी टोकाला, एका बाईचं अंडी उबवायचं केंद्र होतं. मशीनमध्ये अंडी ठेवायची, पिल्लं बाहेर काढायची आणि विकायची, हा तिचा धंदा. तिच्या बांधावर एक सुबाभूळ होती, तारांच्या थेट खाली. ही सुबाभूळ छाटायला खार सारखा परमिट घेऊ लागला. एक छाटणी होते न होते तोच पुन्हा फोन. "त्या पिल्लंवालीकडची सुबाभूळ वाढलीय. परमिट द्या."

लाईन बंद झाली की कंट्रोलचा फोन तापायचा. न्हावी विचारायचा, गिऱ्हाइकाची अर्धी दाढी मशीनने झालीय, उरलेली कधी होईल? पिठाच्या गिरणीवाला विचारायचा, माणसं रांगेत थांबवू की घरी पाठवू? ती सगळ्यांना गोडीगुलाबीने उत्तरं द्यायची. एक दिवस पिल्लंवालीचा फोन आला.

"ताई, अजून किती वेळ? मशीन गार पडायला लागलं. मी पांघरुणं टाकलीत वरून, गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्यात आत, पण अंडी ती अंडी, त्यांना कुठे कळतंय लाईट गेली म्हणून?"

आवाज तरुण होता. गोडही होता. तिला तो उगाचच फार गोड वाटला.

"वायरमन वर आहेत. उतरले की येईल," ती म्हणाली.

"छे हो! ते कधीचे उतरलेत. इथेच बसलेत, चहा घेतायत. देऊ का त्यांना?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"द्या."

घाईघाईने घोट गिळल्याचा आवाज. "कंट्रोल? अहो, मुंग्या चावल्या म्हणून जरा खाली..."

"चहासाठी लाईन बंद ठेवायची नसते."

"पण त्यांनी केलाच होता, मग नाही कसं म्हणायचं..."

"असं तोंडाने म्हणायचं. नाही."

त्या दिवसानंतर फोनमध्ये ती आधी चिवचिवाट शोधायची. तो परमिट मागत असताना मागून पिल्लांची चिवचिव आली की हिच्या कपाळाला आठ्या. कधी मागून बाईचं हसू यायचं. एवढं हसायला काय झालं? झाड छाटण्यात विनोद कुठला? आणि एका झाडाला इतक्या खेपा लागतात तरी कशा?

"खार त्या सुबाभळीला छाटत नाही, नुसत्या गुदगुल्या करते," काका एकदा म्हणाले. "जुना वायरमन असता तर एका खेपेत बोडकी केली असती."

"मग का करत नाही?" तिने विचारलं.

"आता ते मी कसं सांगू," म्हणून काका डबा धुवायला गेले. त्यांच्या मिशीतलं हसू तिला दिसलं आणि तिने त्याचा पार उलटा अर्थ लावला.

मग तो शर्ट. तो हातमोजे न्यायला आला तेव्हा त्याच्या खाकी शर्टाची बाही खांद्यापासून कोपरापर्यंत शिवलेली होती. बारीक, एकसारखे, देखणे टाके. दोरा मात्र गुलाबी.

"कुणी शिवलं?" तिने डायलकडे बघत विचारलं. आकडे सगळे एकमेकांत मिसळले होते.

"हे? पिल्लंवालीने. फांदीत अडकून फाटला होता."

"हात छान आहे तिचा."

"हो ना!" तो भाबडेपणाने म्हणाला. "ओळखूसुद्धा येत नाही."

गुलाबी दोरा, आणि म्हणे ओळखू येत नाही! हातमोजे तिने त्याच्या हातात न देता टेबलावर टाकले. तो तिथे उगाच घुटमळला, "बरंय..." म्हणाला. तिने मान वर केली नाही. तो गेला आणि ती खिडकीशी जाऊन, तो दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली.

घरी वहिनीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. वाड्यांच्याच लाईनवर त्यांचंही घर, त्यामुळे लाईट त्यांचीही जायची. वहिनीने स्वयंपाकघरात खिळ्याला बॅटरी टांगून ठेवली होती, पाणी आधीच भरून ठेवलेलं, सगळ्यांचे मोबाइल आधीच चार्ज केलेले.

"घरचं माणूस कंट्रोलमध्ये आणि घरात अंधार," वहिनी कांदा चिरताना म्हणाली. "पुन्हा ती सुबाभूळच ना?"

"नाव काढू नकोस तिचं."

"कुणाचं? सुबाभळीचं?"

"पिल्लंवालीचं!"

वहिनीची सुरी थांबली. "पिल्लंवालीचं मी कुठे नाव काढलं?" तिने नणंदेकडे नीट बघितलं. "अस्सं आहे होय..."

"काही नाहीये."

"नसू दे. पण त्या काकडीवर राग काढू नकोस, कोशिंबीर करायचीय, लगदा नको."

त्या रात्री तिने ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन केला. त्या एका सुबाभळीपायी सगळ्या वाड्यांचे हाल होतात, गिरणीची कामं अडतात, एका गरीब बिचारीच्या अंड्यांचं नुकसान होतं. तेव्हा ते झाड मुळापासून काढावं. बोलताना तिने टेबलावर मूठसुद्धा आपटली. लोकांची एवढी कळकळ तिला त्याआधी कधी आली नव्हती. साहेब म्हणाले, फारच चांगली सूचना, झाडाच्या मालकिणीला विचारून लगेच काढू.

संध्याकाळी खारीचा फोन आला. परमिटचा नव्हता.

"साहेबांना तुम्ही सांगितलंत?"

"हो. का?"

"मुळापासून?"

"हो. वाईट वाटलं?"

"तुम्हाला माझ्या फोनचा एवढा त्रास होत असेल असं वाटलं नव्हतं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

ती रिसीव्हरकडे बघत राहिली. फोनचा त्रास? फोनचं कोण बोललं होतं? तिला त्याचं वाक्य कळेना, आणि डोळ्यांत पाणी का येतंय तेही कळेना. एवढं मात्र कळलं, की झाड जाणार म्हणून त्याला वाईट वाटलं होतं. म्हणजे तिचा संशय खराच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवारात एक मोटारसायकल येऊन थांबली आणि एक तरुणी उतरली. जीन्स, वर पुरुषी ढगळ शर्ट, केसांना पिवळी पिसं चिकटलेली. दिसायला... चांगली होती. हेही नशिबी होतंच.

"तुम्हीच कंट्रोल?" तिने दारातूनच विचारलं. आवाज ऐकताच ही खुर्चीत ताठ बसली.

"हो. आणि तुम्ही पिल्लं..."

"पिल्लंवाली. झाड काढायला हरकत नाही म्हणून साहेबांना सांगायला आले होते, म्हटलं तुम्हाला बघून जावं." तिने हिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आवाजावरून वाटता त्याहून लहान आहात."

"आमच्या खारीला वाईट वाटलंय झाड जाणार म्हणून," ही जमेल तेवढ्या कोरडेपणाने म्हणाली. "तुमच्याकडचं येणंजाणं बंद होईल ना आता."

पिल्लंवालीने मोटारसायकलची किल्ली खिशात टाकली. मग तिने खुर्ची ओढली आणि समोर बसली.

"ताई, मी त्याला केव्हापासून सांगतेय, मुळापासून काढ म्हणून. माझी अंडी गार पडतात! तर म्हणे हिरवं झाड आहे, जीव आहे त्यात, हळूहळू छाटू. चार डहाळ्या तोडतो आणि उतरतो. आणि परमिट घ्यायचा फोन लावायच्या आधी काय करतो माहितीय? माझ्या पाण्याच्या टाकीत वाकून बघतो आणि केस नीट करतो. मी म्हटलं, अरे बाबा, फोनवर दिसत नाही!"

हिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"पण... शर्ट..."

"कंट्रोलला जायचंय म्हणाला, हातमोजे आणायला, आणि बाही फाटलेली. घरी जाऊन बदल म्हटलं तर म्हणे तोवर त्यांची ड्युटी संपेल. मग शिवून दिला." पिल्लंवाली थांबली. केसातलं एक पीस काढून तिने ते बोटांत फिरवलं. "खरं सांगू? टाके घालताना मला वाटत होतं, माझ्यासाठी बसलाय. चहाला थांबायचा ना, म्हणून. तर चहा पिताना सगळं बोलणं तुमचंच. कंट्रोल असं म्हणाल्या, कंट्रोल तसं म्हणाल्या. मला इतका राग यायचा तुमचा!"

"मलाही तुमचा."

"माझा? मी काय केलं?"

"चहा."

दोघी एकदमच फिस्सकन हसल्या. हसता हसता पिल्लंवालीने डोळे पुसले, जरा जास्तच वेळ पुसले, आणि उठली.

"तुमचं काय ते लवकर ठरवा. दुसरं झाड शोधायच्या आत. नाहीतर माझी पिल्लं अंड्यातच म्हातारी व्हायची."

पिल्लंवाली गेली आणि हिने लगेच खारीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. फोनचा त्रास! आता कुठे तिला त्या वाक्याचा अर्थ लागला. फोन करायला त्याच्याकडे ते एकच कारण होतं, आणि ते तिने साहेबांना सांगून मुळापासून उखडायला लावलं होतं.

सकाळी त्याचा फोन आला. झाड पाडायच्या परमिटसाठी. तिच्या ओठांवर सगळं येऊन थांबलं होतं. पण आता तो वर चढणार होता, आणि वर चढणाऱ्या माणसाचं डोकं ठिकाणावर पाहिजे. तिने फक्त नियमातले शब्द म्हटले.

"लाईन बंद केली. अर्थिंग केलं. कुलूप लावलं. किल्ली माझ्याजवळ."

"लाईन बंद," तो सपाट आवाजात म्हणाला. "अर्थिंग केलं. कुलूप लावलं. किल्ली कंट्रोलजवळ."

ती खुर्चीतून उठली.

"चुकलं. पुन्हा म्हणा."

"काय चुकलं?"

"शेवटचं. मी म्हटलं ते नीट ऐका आणि नीट म्हणा."

"...किल्ली तुमच्याजवळ."

"परमिट दिलं. जपून."

मग ती वाट बघत बसली. बाहेर पाऊस भुरभुरू लागला. न्हाव्याचा फोन आला, गिरणीवाल्याचा आला, वहिनीचाही आला. किल्ली तिने टेबलावर ठेवलीच नाही. हातात धरून धरून पितळ गरम झालं होतं. एवढी सारी परमिटं दिली होती तिने, पण काका म्हणाले होते ते आज कळत होतं, हिच्यावर एक माणूस लटकलाय. पिल्लंवालीशी हसला तर हसू दे, गुलाबी दोऱ्याने अख्खा शर्ट शिवून घेऊ दे, पण खाली उतरू दे. धड उतरू दे.

फोन वाजला. तिने पहिली रिंग पुरी होऊ दिली नाही.

"परमिट परत करतोय. माणसं खाली, हत्यारं खाली, अर्थिंग काढलं. झाडही खाली. लाईन चालू करायला हरकत नाही."

तिने कुलूप काढलं, लाईन चालू केली. डायलचे काटे वर चढले. दूर कुठेतरी गिरणी सुरू झाली असेल, न्हाव्याचं मशीन घरघरलं असेल.

"मग... ठेवतो," तो म्हणाला. "आता या लाईनवर वर्षभर तरी परमिट लागणार नाही. तुम्हाला त्रास नाही."

"ठेवू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की आत आलेले काका दारातूनच परत फिरले. "मला फोनचा त्रास नव्हता. मला... मला वाटलं तुम्ही तिच्यासाठी जाता. तिथे. चहाला. आणि तो गुलाबी दोरा... मला तो दोरा मुळीच आवडला नाही!"

पलीकडे फक्त चिवचिवाट. आज तो तिला चक्क सोसवला.

"म्हणजे तुम्ही... जळत होतात?"

"हो."

"माझ्यावरून?"

"नाही, सुबाभळीवरून!"

तो हसला. मग त्याचं हसू थांबलं. "मी झाडासाठी यायचो," तो हळूच म्हणाला. "पूर्ण छाटलं असतं तर पुन्हा कोणत्या तोंडाने फोन केला असता? वायरमनला कंट्रोलशी बोलायला काहीतरी कारण लागतं. मला... तुमचा आवाज..."

"आणि तेवढ्यासाठी एवढ्या लोकांची लाईट घालवलीत? माझ्या वहिनीने अंधारात स्वयंपाक केला! शिक्षा व्हायला पाहिजे तुम्हाला."

"द्या."

"ड्युटी संपली की इकडे या. कारण न काढता."

तो आला तेव्हा भुरभुर चालूच होती. तिची ड्युटी संपली होती आणि काकांनी भिंतीकडे तोंड करून डायल वाचायला घेतले होते. खारीने केस विंचरले होते. शर्ट नवा होता. तो पायरीशी थांबला, आणि फोनवर एवढं बोलणारा तो माणूस समोर आल्यावर स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"किती वेळ टाकीत बघितलं आज?" तिने विचारलं.

"टाकी... तुम्हाला कुणी..." तो कानापर्यंत लाल झाला. "काय शिक्षा आहे ती सांगा. मी तुमच्यावर... म्हणजे मला तुम्ही..."

"आवडता," तिने वाक्य पुरं केलं. "नीट ऐका आणि जसंच्या तसं परत म्हणा. मला तुम्ही आवडता."

त्याने शर्टाची कॉलर नीट केली.

"मला तुम्ही आवडता," त्याने म्हटलं. या वेळी एकही शब्द चुकला नाही.

तिने पर्समधून स्कूटरची किल्ली काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. बोटं तिथेच राहिली, त्यानेही ती सोडली नाहीत.

"वहिनीने घरी बोलावलंय. अंधारात स्वयंपाक करायला लावणारा माणूस तिला बघायचाय. चालवा तुम्ही. पण नियम माहितीय ना? ज्याने घेतली त्यानेच परत करायची."

"आणि नाही केली तर?"

"तर मी उद्या ड्युटीवर येणार कशी?"

"मी आणून सोडीन की. रोज."

ती मागे बसली. आधी जरा अंतर ठेवून, मग रस्त्यातल्या पहिल्या खड्ड्याने ते अंतर काढून टाकलं. वाड्यांतले दिवे एकेक करून लागत होते. सुबाभूळ होती त्या वळणावर आता मोकळं आभाळ दिसत होतं, आणि बांधावर उभी राहून पिल्लंवाली दोघांकडे बघत होती.

"चहा घेता?" तिने हाक मारली.

त्याने मागे वळून विचारलं, "काय सांगू?"

"सांगा ना," ती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. "तोंडाने. दोन कप."